पूर ओसरल्यावर रस्त्याचा निधी वळवायचा कसा

पूर ओसरला की ग्रामसभेत पहिला विषय निघतो तो रस्त्याचा. ओढ्यावरची मोरी वाहून गेलेली असते, पलीकडच्या वस्तीतली पोरं शाळेला येऊ शकत नाहीत, दुधाची गाडी अलीकडेच थांबते. कोणीतरी उठून म्हणतं, "तो नवीन रस्ता मंजूर झालाय ना, त्याचे पैसे आधी इथं लावा." मागणी रास्त असते. टाळ्या पडतात, ठराव होतो, पंचायत समितीत जातो आणि तिथेच पावसाळा उलटून जातो. अडवणारा माणूस शोधायला गेलं तर बहुतेक वेळा सापडत नाही. ज्या लेखाशीर्षाखालचे, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या ज्या रकान्यातले, पैसे मागितले, त्यातून ते काम करताच येत नव्हतं, एवढंच कारण असतं.

महाराष्ट्रातले सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे नवे शाखा अभियंते यांच्यासाठी हे लिहिलं आहे. सगळ्याचं सार एका वाक्यात सांगता येतं: शीर्ष बदलायला जाऊ नका, त्याच शीर्षातलं काम बदला. हे नेमकं कसं जमवायचं ते पुढे टप्प्याटप्प्याने.

मुरूम टाकण्याआधी

सगळ्यात मोठं नुकसान पुराने होत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. गावातला एखादा भला माणूस जेसीबी लावून खचलेला भराव बुजवून देतो. वाहतूक सुरू होते, पण नुकसानीचा पुरावाही त्याच मुरमाखाली गाडला जातो. म्हणून बुजवण्याआधी पुढच्या गोष्टी उरकून घ्या. दोन तासांचं काम आहे.

फोटो अक्षांश-रेखांश आणि वेळ उमटणाऱ्या अ‍ॅपने काढा. प्रत्येक ठिकाणचे किमान चार: रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून, नाल्याच्या वरच्या बाजूने आणि खालच्या बाजूने. एका फोटोत मोजपट्टी किंवा सर्व्हेची पट्टी उभी दिसली पाहिजे, म्हणजे खड्ड्याची खोली वादाचा विषय होत नाही. पुराची रेषा झाडाच्या खोडावर, देवळाच्या भिंतीवर किंवा विजेच्या खांबावर लाल ऑइलपेंटने आखा आणि शेजारी तारीख लिहा. आठवडाभरात कचऱ्याची आणि गाळाची रेषा पुसली जाते. मग नवीन पुलाची उंची ठरवताना अभियंत्याच्या हाती ऐकीव माहितीच उरते.

त्यानंतर शाखा अभियंता, तलाठी आणि ग्रामपंचायत अधिकारी यांचा संयुक्त पंचनामा. त्यात "गावाजवळचा रस्ता खराब झाला" असं लिहिलं तर तो कागद रद्दीच समजा. लिहायचं असं (ग्रामा म्हणजे ग्रामीण मार्ग, साखळी म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं किमी/मीटरमधलं अंतर): "ग्रामा क्र. अमुक, साखळी १/३२० ते १/३५०, लांबी ३० मी., भरावाची सरासरी उंची २ मी., माथा ६ मी., तीन नळ्यांची मोरी पूर्ण वाहून गेली." महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरची त्या दिवसाची नोंद तहसील कार्यालयातून घेऊन जोडा. २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा निकष महसूल यंत्रणेच्या अंगवळणी पडला आहे. तो आकडा कागदावर असला की पुढचे निम्मे प्रश्न कोणी विचारत नाही.

रस्ता कोणाचा?

हे विचारायला बरेचजण विसरतात. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. गावठाणातले रस्ते ग्रामपंचायतीचे. रस्ते विकास योजना २००१-२०२१ च्या नकाशात त्या रस्त्याला क्रमांक आहे का, ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात पाहून घ्या. क्रमांक नसलेला, म्हणजे योजनाबाह्य रस्ता असेल तर देखभालीच्या शीर्षातून त्यावर पैसा पडणं अवघड जातं. अशा रस्त्याला ग्रामपंचायतीचा निधी, रोजगार हमीतलं पाणंद रस्त्याचं काम किंवा आमदार-खासदार निधी हेच मार्ग उरतात. क्रमांक मिळवण्याचा प्रस्ताव वेगळा पाठवा, पण यंदाच्या दुरुस्तीसाठी त्याच्यावर विसंबू नका.

रस्ता प्रधानमंत्री किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतला असेल तर आधी करार काढून वाचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत काम पूर्ण झाल्यावर पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. त्या मुदतीत साइडपट्टी वाहून गेली, खड्डे पडले, तर तो खर्च कोणाचा आणि विम्यात काय बसतं, हे करारातच लिहिलेलं असतं. ते न वाचता पूरहानीचं अंदाजपत्रक केलं की लेखापरीक्षणात वसुली निघते, आणि ती ज्याने सही केली त्याच्या नावावर निघते.

कोणता पैसा हलतो, कोणता हलत नाही

इथे जरा थांबून वाचा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

राज्याच्या अर्थसंकल्पात पुनर्विनियोजनाला, म्हणजे मंजूर पैसा एका शीर्षातून दुसऱ्यात वळवण्याला, तीन भिंती आहेत: एका मागणीतून (विधिमंडळाने मंजूर केलेल्या अनुदानाच्या एका गटातून) दुसऱ्या मागणीत नाही, दत्तमत खर्चातून (ज्यावर विधिमंडळात मतदान होतं) भारित खर्चात (ज्यावर होत नाही) किंवा उलट नाही, आणि महसुलीतून भांडवलीत किंवा उलट नाही. मंत्रालयातल्या माणसालाही या ओलांडता येत नाहीत. त्यासाठी पुरवणी मागणी लागते, म्हणजे विधिमंडळाचं अधिवेशन लागतं.

रस्त्यांच्या बाबतीत तिसरी भिंत रोज आडवी येते. ३०५४ हे महसुली शीर्ष, देखभाल-दुरुस्तीचं. ५०५४ भांडवली, म्हणजे नवीन बांधणी आणि सुधारणेचं. तुमच्या गावचा मंजूर नवीन रस्ता ५०५४ मधला असेल आणि त्याचे पैसे तुम्ही खड्डे बुजवायला, भराव टाकायला मागितले, तर उत्तर "नाही" असंच येणार. ते बरोबरही आहे. पण वाहून गेलेल्या तीन नळ्यांच्या मोरीच्या जागी मोठ्या गाळ्याचा (दोन आधारांमध्ये जास्त अंतर असलेला) पूल बांधायचा असेल, तर ते भांडवली काम आहे. ५०५४ मधला एक रस्ता मागे ठेवून त्याच शीर्षात हा पूल घ्या, अशी मागणी केली तर शीर्ष बदलत नाही, फक्त कामाचं नाव बदलतं. कागद मंत्रालयापर्यंत जाण्याऐवजी जिल्ह्यातच फिरतो.

यावरून पुराचं नुकसान दोन ढिगांत वाटा. भराव भरणं, साइडपट्टी, खडीकरणाची दुरुस्ती, मोरीतला गाळ काढणं हा एक ढीग, तो ३०५४ चा. पुनर्बांधणी, पाण्याची वाट वाढवणं, रस्त्याची पातळी उचलणं हा दुसरा, ५०५४ चा. एकाच अंदाजपत्रकात दोन्ही कोंबलं की ते कुठल्याच शीर्षात बसत नाही.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा, म्हणजे २२४५ शीर्षाचा, लोकांना नको तितका भरवसा वाटतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात या निधीत केंद्र ७५ आणि राज्य २५ टक्के घालतं. पण रस्त्यांच्या बाबतीत त्यातून तात्काळ स्वरूपाचीच कामं होतात: तुटलेला भराव भरणं, पाण्याला वाट म्हणून पाइप टाकणं, दगडी पिचिंग, फुटलेल्या मोऱ्यांची दुरुस्ती, पुलाचे जोडरस्ते, वळणरस्ता, खराब भागावर खडी-मुरमाचा थर. डांबरीकरण नाही, नवीन पूल नाही. २०१५ च्या निकषांत ग्रामीण रस्त्यांसाठी किलोमीटरला ६० हजार रुपये होते आणि सपाट भागात काम उरकायची मुदत ३० दिवस होती. निकष दर काही वर्षांनी सुधारतात, त्यामुळे चालू पत्रातले दर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षातून घ्या. पण प्रकृती तीच राहते. हा पैसा वाहतूक सुरू करण्यापुरता आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्याच्या आपत्ती निधीत पुनर्बांधणीसाठी ३० टक्क्यांची वेगळी खिडकी केली, पण तिथे जाण्याचा रस्ता राज्य शासनामार्फत जातो. ग्रामपंचायतीने त्याची वाट पाहत बसू नये.

ग्रामपंचायतीच्या हातातला वित्त आयोगाचा पैसाही दोन रंगांचा. २०२१-२६ मध्ये ६० टक्के बंधित होता, त्यातला निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. ४० टक्के अबंधित. रस्त्याला अबंधितच वापरता येतो. मात्र मोरीबरोबर नळयोजनेची पाइपलाइनही वाहून गेली असेल, आणि ती बऱ्याचदा जातेच कारण ती मोरीच्या कठड्याला बांधलेली असते, तर पाइपलाइन बंधित पाण्याच्या हिश्शातून घ्या आणि अबंधित पैसा मोरीसाठी मोकळा ठेवा. दोन्हीची अंदाजपत्रकं वेगळी. अशी फोड न करता सगळा भार अबंधितवर टाकणाऱ्या ग्रामपंचायती खूप आहेत. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात नसलेलं काम ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या पोर्टलवर चढत नाही, म्हणून ग्रामसभेची मान्यता घेऊन आराखडा सुधारून घ्यावा लागतो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा कार्यक्रम निधी पूरहानीला वळवण्याचा नाद सोडा. तो केंद्राने रस्त्यानिहाय मंजूर केलेला असतो आणि देखभाल ही राज्याची जबाबदारी मानली जाते. आशियाई विकास बँकेच्या कर्जातून घेतलेल्या रस्त्यांचंही तेच, यादी करारात बांधलेली असते.

२५१५ या शीर्षातली लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत कामं वळवायला बरीच सोपी आहेत. ज्यांनी काम सुचवलं त्यांचं पत्र आणि ग्रामविकास विभागाचं शुद्धिपत्रक लागतं. पेव्हर ब्लॉक, कमानी, सभामंडप यांची निम्मी यादी याच शीर्षात असते, तेव्हा सुरुवात इथूनच करायला हरकत नाही.

कोणतं काम मागे ठेवायचं

काम मंजूर असणं आणि काम सुरू असणं यात फरक आहे. फक्त प्रशासकीय मान्यता झाली असेल तर बदल सोपा. तांत्रिक मान्यता झाली, निविदा काढली, पण कार्यारंभ आदेश नाही, तरी बदल शक्य आहे; निविदा रद्द करण्याचं कारण नस्तीवर लिहावं लागतं. कार्यारंभ आदेश दिला असेल तर ते काम यादीत घेऊच नका. ठेकेदार भरपाई मागेल, आणि अर्धवट खोदलेला रस्ता ही पुढच्या पावसातली दुसरी आपत्ती असते.

उरलेल्या कामांतून निवड करताना जाहीर निकष ठेवा, नाहीतर वाडीवाडीची भांडणं मोरीपेक्षा मोठी होतात. आमच्या मते आधी मागे ठेवावीत ती गावठाणातली आधीच चालू स्थितीत असलेल्या रस्त्यांवर पुन्हा होणारी काँक्रिटीकरणाची कामं, मग सुशोभीकरण, मग दुसरा पर्यायी रस्ता असलेल्या भागातली डांबरीकरणाची कामं. ज्या वस्तीला बारमाही रस्ताच नाही तिचा पहिला रस्ता शेवटपर्यंत हात न लावता ठेवा. त्या वस्तीचे पावसाळ्यातले हाल पूर येवो न येवो तेच असतात, आणि एकदा मागे पडलेला रस्ता पुन्हा यादीत यायला किती वर्षं लागतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जे कमी असेल ते. ठरावाची भाषा अशी ठेवा:

"दि. … रोजीच्या अतिवृष्टीत ग्रामा क्र. … साखळी … येथील मोरी वाहून गेल्याचा संयुक्त पंचनामा (दि. …) सभेसमोर वाचण्यात आला. सदर ठिकाणी पर्यायी मार्ग नसल्याने … वस्तीतील … कुटुंबांचा संपर्क तुटला आहे. लेखाशीर्ष … अंतर्गत प्रशासकीय मान्यता क्र. … दि. … अन्वये मंजूर असलेले '…' हे काम अद्याप सुरू झालेले नाही. ते काम पुढे ढकलून त्याच लेखाशीर्षातून व त्याच रकमेच्या मर्यादेत '…' हे काम घेण्याची शिफारस ही सभा करीत आहे. पुढे ढकललेले काम पुढील वर्षीच्या आराखड्यात पहिल्या क्रमांकावर घेण्यात यावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. ज्यांचं काम मागे पडलं त्यांच्या हातात तेवढाच कागद असतो. आणि "त्याच लेखाशीर्षातून" हे शब्द नसतील तर ठराव पुन्हा त्याच टेबलावर जाऊन बसतो.

इथून प्रस्ताव गटविकास अधिकारी, उपअभियंता, जिल्हा परिषदेचे कार्यकारी अभियंता असा वर जातो. जिल्हा वार्षिक योजनेतल्या कामाला जिल्हा नियोजन समितीचा, म्हणजे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी यांचा होकार लागतो. मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांचा अभिप्राय आधीच घेतला तर फेरी वाचते. अभिप्राय मागताना फक्त दोन प्रश्न विचारा: शीर्षात तरतूद शिल्लक आहे का, आणि आधीच्या कामांचं दायित्व वजा जाता किती उरते. दायित्व वजा न करता नुसती तरतूद पाहणं ही नेहमीची चूक. कागदावर ४० लाख दिसतात, त्यातले ३५ मागच्या वर्षीच्या बिलांचे असतात.

अंदाजपत्रक: तीस मीटरचं भगदाड

वरच्या पंचनाम्यातलंच उदाहरण घेऊ. लांबी ३० मी., उंची २ मी., माथा ६ मी. बाजूचा उतार १:२ धरला तर तळ १४ मीटर होतो. छेदाचं क्षेत्रफळ (६ + १४) ÷ २ × २ = २० चौ.मी. घनफळ ६०० घनमीटर, तेही दाबलेलं. सैल मुरूम साधारण पावपट जास्त लागतो, म्हणजे ७५०. ब्रासला २.८३ घनमीटर या हिशेबाने २६५ ब्रास. पाच ब्रासच्या हायवा डंपरच्या ५३ खेपा.

घाईत केलेल्या अंदाजपत्रकात ६ × २ × ३० = ३६० घनमीटर लिहिलेलं सापडतं, बाजूचे उतार धरलेलेच नसतात. मग मुरूम ४० टक्के कमी पडतो, ठेकेदार उतार उभे ठेवून माथा पूर्ण करतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात कडा ढासळतात. किलोमीटरला ६० हजार या हिशेबात २६५ ब्रास मुरूम बसत नाही, हेही इथेच लक्षात येतं.

मुरूम कुठून आणणार ते आधी ठरवा. गौण खनिजाची तहसीलदारांची परवानगी आणि स्वामित्वधनाची पावती नसेल तर बिलातून कपात होते. शेजारच्या शेतातली काळी माती उचलून भराव करण्याचा मोह मराठवाड्यात आणि सोलापूर भागात फार होतो. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. भरावाच्या गाभ्यात तिला जागा नाही.

जुन्या भरावाच्या तुटक्या तोंडाला पायऱ्या कापून नवीन भराव त्यात गुंतवा, एक पायरी साधारण ३०० मिमी. सपाट तिरक्या तोंडावर नवीन माती टाकली तर सांध्यातून पाणी झिरपतं आणि पुढच्या वर्षी बरोब्बर तिथेच चीर पडते. थर सैल मोजून २०० मिमीचे, प्रत्येक थरावर पाणी मारून ८-१० टनी रोलर. भरावाला प्रमाण प्रॉक्टर घनतेच्या (प्रयोगशाळेत ठराविक पद्धतीने दाबून मिळणाऱ्या कमाल घनतेच्या) ९७ टक्के आणि वरच्या थराला १०० टक्के मिळायला हवी. चाचणी दर थराला घ्या, शेवटी एकदा नको. दोन मीटर माती एकदम ओतून वरून रोलर फिरवल्याचं दृश्य नवीन नाही. खालचा दीड मीटर सैलच राहतो.

पाण्याला वाट किती?

भराव परत होता तसा करून देणं ही पूरहानी कामातली सगळ्यात महाग चूक. पाण्याने तिथे भगदाड पाडलं कारण त्याला वाट पुरली नाही. एक हिशेब करून पाहा.

पश्चिम महाराष्ट्रातल्या डोंगरी पाणलोटासाठी अभियंते इंग्लिस सूत्र वापरतात: पूर घनमीटर प्रति सेकंद = १२४ × क्षेत्र ÷ √(क्षेत्र + १०.४), क्षेत्र चौ.किमी.मध्ये. ओढ्याचं पाणलोट ४ चौ.किमी. असेल तर ४९६ ÷ ३.७९, म्हणजे जवळपास १३१ घनमीटर प्रति सेकंद. आता वाहून गेलेली मोरी बघा: १ मीटर व्यासाच्या तीन नळ्या. त्यांचं एकूण क्षेत्रफळ २.३६ चौ.मी.; वेग सेकंदाला २.५ मीटर धरला तरी सहा घनमीटरच्या आसपास. सूत्र मोठ्या पुरासाठी आहे, सपाट काळ्या रानात आकडा बराच खाली येईल, हे सगळं मान्य करूनही १३१ आणि ६ यांतली दरी नळ्यांची संख्या तीनवरून चार करून बुजत नाही.

मग पर्याय दोन. पैसे असतील तर मोठ्या गाळ्याचा पूल. नसतील तर फरशी पूल, म्हणजे पावसात काही तास पाणी वरून जाईल हे आधीच मान्य करणारं बांधकाम. गावाला फरशी नको असते, कारण ती दुय्यम वाटते. पण वर्षातले काही तास बंद राहणारी पक्की फरशी ही दर दोन वर्षांनी वाहून जाणाऱ्या उंच मोरीपेक्षा बरी, आणि हे ग्रामसभेत आकडा दाखवून समजावता येतं.

फरशी वाहून जाते ती वरून क्वचित. खालच्या बाजूला पाणी उडी मारतं, तळ खणतं, स्लॅबखाली पोकळी होते आणि तुकडा खचतो. म्हणून तोडभिंतीवर, म्हणजे फरशीच्या कडेला जमिनीत खोल उतरवलेल्या भिंतीवर, काटकसर नको. भारतीय रस्ते काँग्रेसच्या ८९ व्या संहितेप्रमाणे पक्क्या तळफरशीला वरच्या बाजूला २ मीटर आणि खालच्या बाजूला २.५ मीटर खोल तोडभिंत, आणि पुढे दगडांचं सैल अ‍ॅप्रन वरच्या बाजूला ३ आणि खालच्या बाजूला ६ मीटर. ही भिंत जमिनीखाली जाते, दिसत नाही, त्यामुळे कपात करायची वेळ आली की पहिली तीच जाते. मोजमाप पुस्तकात तिची खोली नोंदवताना उघड्या खड्ड्यात पट्टी धरलेला फोटो जोडायला सांगा. दोन्ही कडांना खोली दाखवणारे रंगीत खांब उभारा; पाणी किती आहे ते कळलं की गाडी घालण्याचा धीर कमी होतो.

नळ्याच टाकायच्या असतील, छोट्या ओघळीवर, तर ६०० मिमीपेक्षा लहान नको. तिच्यात माणूस काय, फावडंही नीट जात नाही आणि दोन वर्षांत ती गाळाने बुजते. नळीच्या माथ्यावर किमान ६०० मिमी भराव, जागा नसेल तर काँक्रीटचं आवरण.

निविदा टाळता येते का?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५० मध्ये बचाव आणि मदतकार्यासाठी तातडीच्या खरेदीची मुभा आहे. आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण तसं प्राधिकृत करेल तेव्हा निविदेची नेहमीची पद्धत माफ समजली जाते. शब्द नीट वाचा: बचाव आणि मदत. वाहतूक तोडणाऱ्या भगदाडात पाइप टाकून वळणरस्ता करणं यात बसवता येतं, तेही जिल्हा प्राधिकरणाचा लेखी आदेश आधी असेल तर. चार महिन्यांनी होणारा पूल त्यात बसत नाही. आदेश नंतर मागच्या तारखेचा मिळवू, या भरवशावर काम सुरू केलेल्यांची बिलं वर्षानुवर्षं अडकलेली दिसतात. तातडीच्या कामाचा वापर दाखला कलमातच मान्य केलेला कागद आहे. तो नियंत्रक अधिकाऱ्याकडून त्याच आठवड्यात घ्या.

तात्पुरतं काम २२४५ मधून आणि कायमचं ५०५४ मधून, असं एकाच जागी होत असेल तर दुसऱ्या अंदाजपत्रकात पहिल्या वेळी टाकलेला मुरूम वजा दाखवा. दुबार काम नसल्याचा दाखला शाखा अभियंत्याला द्यावा लागतो. साखळी क्रमांक दोन्हीकडे सारखा आणि परिमाणंही सारखी निघाली की तपासणीतला माणूस तिथेच बोट ठेवतो.

दिवस मोजून

पूर ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. पुरवणी मागण्या पावसाळी अधिवेशनात आणि डिसेंबरात नागपूरला होतात. सप्टेंबरचं नुकसान पहिल्या खेपेत बसत नाही, म्हणून नोव्हेंबरअखेर जिल्ह्याची एकत्रित मागणी वर गेलेली असावी लागते. सप्टेंबर २०२५ च्या मराठवाडा-सोलापूर पुरानंतर राज्याने ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि त्यात पायाभूत सुविधांसाठी १०,००० कोटी ठेवले. अशा वेळी ज्यांचे पंचनामे साखळीसकट तयार असतात त्यांची नावं पहिल्या यादीत लागतात.

जिल्हा नियोजनातली बचत जानेवारीनंतर वळवायला निघते. जिल्हा परिषदेला मिळालेला निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत खर्चता येतो, म्हणजे २०२५-२६ चा निधी ३१ मार्च २०२७ पर्यंत. ही सवलत असल्यामुळेच कामं रेंगाळतात. फरशी किंवा पुलाचा पाया मे अखेर पाण्याच्या वर आला नाही तर ते काम थेट पुढच्या दिवाळीनंतर गेलं असं समजा; जूनमध्ये ओढ्यात खणलेला पाया पहिल्या पावसात भरून जातो आणि उपसण्याचं बिल वेगळं येतं.

आणखी एक, आचारसंहिता. ती लागली की कार्यारंभ आदेश नसलेली कामं थांबतात. निवडणुकीची चाहूल असेल तर काम बदलण्याचा प्रस्ताव आणि निविदा त्याआधीच्या महिन्यात उरका, नाहीतर मागे ठेवलेला रस्ताही नाही आणि नवीन मोरीही नाही, अशा स्थितीत गाव दुसऱ्या पावसाळ्यात शिरतं. काम सुरू झालं की ठिकाणावर फलक लावा: शीर्ष, रक्कम, लांबी, दोषदायित्वाची (बिघाड ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची) मुदत. त्याच फलकावर कोणतं काम मागे ठेवून हे घेतलं त्याचं नाव आणि ठराव क्रमांकही लिहा.